तुझ्या देवाले बुडी येते काय?

पिपरटोला, ता. पोंभुर्णा
२४ सप्टेंबर २०२४

चिरंजीव करिश्मा बाईले तिच्या कुंता आजीचा पोटभर आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी भेटली. पोस्टमन ओट्यावर फेकून चालला होता. मी म्हणलं, थांब रे बापा, हातात दे. जलमात पयल्यांदा माझ्या नावाची चिठ्ठी आली, ते का कोंबडीसारखी अंगणात फेकतं? त्यानं हासून दोन्ही हातानं देली. मी तिसरीतून शाळा सोडली ते तुले माहीत हाये. अक्षर लावत लावत दोन दिवस वाचली. जिथी गोड लागलं तिथी परत वाचली. शेजारच्या सोनीबाईले वाचून दाखवली, तं ते म्हणे, तुझ्या नातीचं अक्षर मोत्यासारखं हाये. मी म्हणलं, नात कोनाची?

तू इचारतं का आजी फोन काऊन करत नाई. इथी रेंज फक्त तलावाच्या पाळीवरच येते, अन् पाळीवर चढाले माझे गुडघे आयकत नाईत. चिठ्ठीच बरी. फोनवरचं बोलणं उडून जाते, चिठ्ठी उशाखाली ठेवता येते.

आता तू लिहलं का, "बाबांचं तारण झालं नाही आजी, आता होणारही नाही." हे वाचून मी हासली वं. मुखरू माझा पोरगा, तुझा बाप, अवगुणाचा होता ते साऱ्या गावाले माहीत हाये. पण तारण ठेवाले त्याच्यापाशी होतं काय? घर माझ्या नावानं. मच्छी सोसायटीनं त्याले केव्हाच काढलं. बँकेचा कोणी मानूस तुझ्या होस्टेलात येऊन तुले भेव दाखवते काय? आला तं सांगजो, आजी जित्ती हाये, तिच्याशी बोल म्हणा. तू आपली नर्सची पढाई कर.

अन् उपास धरला म्हणतं, ते चांगलं केलं. बापाच्या मातीले तू आली नाई म्हणून बाया बोलल्या. मी म्हणलं, पोट्टीची परीक्षा होती. आता सांगीन का पोरीनं बापासाठी उपास धरला. तुझ्या येशूचा उपास कोण्या वाराचा रायते? साबुदाना चालते का? शेंगदाण्याचा लाडू खात जाजो, त्यानं पित्त होत नाई.

तापानं गेला बिचारा, दोन दिवसात. तुले फोनवर सांगतलंच होतं. आता त्याचं नको काढू.

सोनीबाई डोळे दाखवाले चंद्रपूरले येऊन राह्यली. तिच्यापाशी सुकसीचा डबा देते. बारीक मासोळी हाये, मीठ लावून सात उन्हं देली. वांग्यात टाकजो. होस्टेलातल्या पोरीयले देजो, पन थोडी.

तुझी आजी कुंता


चंद्रपूर
३ ऑक्टोबर २०२४

प्रिय आजी,

तारण म्हणजे बँकेचं नाही गं. देव माणसाला पापातून आणि शिक्षेतून वाचवतो, त्याला आम्ही तारण म्हणतो. जिवंत आहोत तोवर पश्चात्ताप करून ते मिळतं. बाबांनी केला नाही. प्यायले, आईला मारलं. आई तापात पडली तेव्हा तिला गाडीत घालून आणायलाही शुद्धीवर नव्हते. तशीच गेली ती. आणि दोन वर्षांनी हेही तसेच गेले.

उपासना संपल्यावर मी पास्टरसाहेबांना विचारलं. ते वाईट माणूस नाहीत, आजी. डोक्यावर हात ठेवला आणि मगच बोलले. म्हणाले, दुष्टांसाठी आगीचं तळं आहे. ते विझत नाही आणि त्यातून बाहेर यायला वाट नाही. खोटा धीर देणं पाप आहे, म्हणून सांगतो.

आमच्या वॉर्डन रंजीता मॅडम तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, ती आग सोनाराच्या भट्टीसारखी असते. मळ जळतो, सोनं राहतं. शेवटी देव सगळ्यांना परत आणेल. माझ्यासोबत शिकतो तो भूपेश म्हणाला, दोघंही चूक. दुष्ट माणूस राख होतो, संपतो, त्याला काही कळतच नाही. मग तिघं चहाचे कप हातात धरून तासभर भांडले. वचनं उघडून उघडून दाखवली. मी बिस्किटांची बशी घेऊन उभी होते. कोणी विचारलं नाही की हे कोणाच्या बापाबद्दल चाललंय.

माझा उपवास वाराचा नाही. संध्याकाळी वाटीभर वरणाचं पाणी घेते, बाकी काही नाही. हे पास्टरसाहेबांना माहीत नाही. मेलेल्यांसाठी केलेलं काही पोचत नाही असं ते शिकवतात. पण मी जेवायला बसले की मला ते आगीत दिसतात आणि घास खाली उतरत नाही. वॉर्डात भाजलेला माणूस आला की मी पळून जाते. नर्स होणारी मी!

डबा मिळाला. उघडला नाही. तरी सगळ्या मजल्यावर वास आहे, मुली नाक धरून जिना चढतात.

मी एक गोष्ट केली आहे, आजी. ती तुला सांगता येत नाही.

करिश्मा


पिपरटोला
९ ऑक्टोबर २०२४

करिश्मा बाई, आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचली. ह्या खेपेले सोनीबाईले नाई वाचून दाखवली.

पयले कामाचं. वरणाच्या पाण्यावर कोणी जगते काय? मी समजली हरताळकेसारखा एका दिवसाचा उपास असन. तुझा आजा डोमा तीन दिवस उपाशी रायला होता एका डाव, माझ्यावर रुसून. चवथ्या दिवशी मरळीचा रस्सा केला, भिंतीकडे तोंड करून दोन ताटं जेवला अन् म्हणे, रुसलोच हाव अजून. तू बी रूस, पन जेवून रूस.

अन् आता त्या तळ्याचं.

बाई, आपन ढिवर, तळ्यावर जगणारे. तळ्याचं आपल्याले कोणी सांगू नये. तळं कोण बांधते? पाणी पाह्यजे म्हणून मानूस तळं बांधते. पाळ घालते, अन् पाळीच्या पोटात तुडूम ठेवते, पाणी सोडाले. बिना तुडमाचं तळं मी पायलं नाई. एवढा मोठा तुझा देव, त्यानं आगीचं तळं बांधलं अन् तुडूम ठेवाले भुलला? तुझा आजा सांगे, ज्या तळ्यातून काईच बाहेर जात नाई ते एक दिवस पाळ फोडते, बांधणाऱ्याच्याच घरात घुसते. पास्टर साहेबाले इचारजो, मी रागानं नाई म्हणून राह्यली, खरंच इचारजो.

अन् ते तिघं भांडले, ते कसं हाये सांगू काय? पाळीवर उभं राहून खोली सांगून राह्यले. एक म्हणे दहा पुरुस, एक म्हणे गुडघ्याएवढं. उतरलं कोणी होतं काय त्यातलं? तुझे मॅडम मले बरे वाटते पन. सोनाराचं बोलल्या ते. तेही ऐकलेलंच असन, पन चांगलं ऐकलेलं हाये.

इथी हलका धान निसवला. रानडुकरानं बांधीचा एक कोपरा खाल्ला. सोनीबाईच्या डोळ्याले मोतीबिंदू निघाला, आता ते माह्या अक्षराले नावं नाई ठेवू शकत. माही बकरी व्याली, दोन पाठी झाल्या. एकीच्या कपाळावर पांढरा टिक्का हाये, तिचं नाव मी नर्स ठेवलं.

हासली काय?

नसन हासली तं सांग. काय केलं तू? पोरीच्या जातीनं असं काय केलं असन का आजीले सांगता येत नाई? आजीपेक्षा जास्त कोणी काई केलं नाई ह्या घरात. लिह. लिहता नाई आलं तं नुसता कोरा कागद पाठव, पन पाठव.

अन् डबा उघड.

आजी


चंद्रपूर
१७ ऑक्टोबर २०२४

आजी,

तीन दिवसांपूर्वी वॉर्डात पडले. सलाईन लावलं. रंजीता मॅडम रात्रंदिवस जवळ बसतात, आणि उपवासाचं आता सगळ्यांना कळलं आहे. पास्टरसाहेब येऊन गेले. तुझा तुडमाचा प्रश्न त्यांना विचारला. म्हणाले, मी याचं उत्तर बनवून देणार नाही, पण आधी जेव, बेटा. मी मान हलवली. जेवले नाही.

लिहिते. बाबा गेले त्याच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन आला होता. पाळीवरून असेल, वारा ऐकू येत होता. शुद्धीत होते. म्हणाले, "बाई, तुझ्या देवापाशी माह्यासाठी एक शब्द टाक. मले आता झेपत नाई." इतकंच. मला आई दिसली. कपाळावर ओली पट्टी, आणि अंगणात हे पडलेले. मी म्हणाले, "तुमच्यासाठी एकच शब्द आहे. नरकात जा." आणि फोन ठेवला. परत आला, उचलला नाही. तीनदा आला.

मग तू सांगितलंस की तापानं गेले.

माणसं शिवी म्हणून बोलतात, ते वेगळं. मी मानून बोलले, आजी. ती जागा खरी आहे हे मला माहीत होतं आणि मी त्यांना तिथे पाठवलं. दार ठोठावत होते आणि कडी मी लावली. आता तिघांपैकी कोण बरोबर याने मला काय फरक पडतो? मॅडम बरोबर असल्या तरी ते आत्ता तिथे जळताहेत. भूपेश बरोबर असला तर ते कुठेच नाहीत, माफी कोणाला मागू? आणि पास्टरसाहेब बरोबर असले तर त्यांच्या शेजारी माझीही जागा असली पाहिजे. मग निदान एकटे तरी नसतील.

मला आता काही खायचं नाही. जगायचंही काही वाटत नाही. रागावू नकोस.

करिश्मा


पिपरटोला
२१ ऑक्टोबर २०२४

करिश्मा, माह्या पोरी,

ही चिठ्ठी येत्या बसनं सोनीबाईचा जावई घेऊन येऊन राह्यला, पोस्टानं नाई. त्याच्या डोळ्यासमोर वाच. त्याले सांगतलं हाये, पोरगी जेवली का नाई ते पाहूनच ये. तुझ्या मॅडमलेही निरोप देला, तिले एकटी सोडू नका. ह्या चिठ्ठीत बकरीचं काई नाई.

मी तुह्याशी खोटं बोलली. मुखरू तापानं नाई गेला. तळ्यात बुडाला.

पिऊन होता. पोलीस म्हणाले, पाय घसरला. मले माहीत नाई, मी पायलं नाई. मी काय पायलं ते सांगते. त्या दुपारी तो घरी आला, भात मांगतला. मी त्याच्या पुढ्यात भाताचं रिकामं गंज आपटलं. म्हणलं, बायको खाल्ली, सोसायटी खाल्ली, आता मले खातं काय? जा, तळ्यात जाऊन मर. तो गेला. चपला ओट्यावरच रायल्या.

तुझं 'नरकात जा' आठ दिवसाचं शिळं होतं, बाई. माहं 'तळ्यात जा' त्याच दुपारचं. तू सांगितलेली जागा कोणी पायली नाई. म्या सांगितलेली जागा घरापासून पाचशे पावलं हाये, अन् तो तिथीच गेला. शेजारी बसायची जागा पाह्यजे असन तं पयला नंबर माहा लागते. तू मांगं हो.

पाळीवर चढाले गुडघे नाई म्हणत होती ना मी? गुडघे धड हायेत. पाय उचलत नाई.

आता पुढचं ध्यान देऊन वाच. हे मी रडत नाई लिहून राह्यली.

तीन दिवस तो सापडला नाई. कमळाच्या वेलात खाली अडकला होता. आपल्यात नेम हाये, तुले माहीत असन का नाई: तळ्यात मानूस आत हाये तोवर जाळं पडत नाई. कोनाचाही असो, पाटील असो का चोर असो. साऱ्या गावानं तीन दिवस मासोळी खाल्ली नाई. अन् कोनासाठी? मुखरूसाठी, ज्यानं सोसायटीची मासोळी चोरून विकली!

पोलीसवाला म्हणे, राहू द्या, फुगून आपोआप वर येईल. तं झाडू पुढं आला. झाडू आठवते ना तुले? मुखरूनं त्याचं जाळं विळ्यानं फाडलं होतं, अन् वल्ह्यानं हात मोडला होता. तो हात अजून वाकडाच हाये, ताट धरता येत नाई. त्यानं सदरा काढला. त्याची बायको आशाबाई पाळीवरून बोंबलली, "अवो, तुमचा हात ज्यानं मोडला त्याच्यासाठी मरता काय?" झाडू म्हणे, "मंग काय त्याले आत ठेवून मासोळी खाऊ?" अन् गेला आत. तीन दिवस बुड्या मारल्या त्यानं. तिसऱ्या दिवशी त्याच वाकड्या हातानं तुझ्या बापाले वर आणलं.

तुझी चिठ्ठी आली अन् मी काल गावातल्या सुनिलच्या अंगणात गेली. तिथी गोंडपिपरीचा धनराज येते प्रार्थना घ्याले, तुमचाच मानूस. प्रार्थना झाली, साऱ्यायले चहा झाला, मी उठली नाई.

तो म्हणे, "काय आजी, प्रभूकडे यायचं काय?"

मी म्हणलं, "मी नाई येत. मले एकच सांग. तुझ्या देवाले पवता येते काय?"

सारे हासले. तोही हासला, म्हणे, "आजी, तो पाण्यावर चालला."

"वर चालणाऱ्याले खालचं काय कळते? बुडी येते काय त्याले?"

सुनिलची बायको मले चिमटा घेऊन राह्यली, चूप बसा म्हणून. म्या सारं सांगतलं त्याले. मुखरूचं, झाडूचं, तुह्यं. नाव नाई घेतलं तुह्यं. त्याचा चहा गार झाला. मंग म्हणे, "आजी, मले जे शिकवलं त्यात दुष्टाले वाट नाई. मी तसंच सांगत आलो." मी म्हणलं, बरं. उठाले लागली. तं तो हळूच म्हणे, "पन एक गोष्ट हाये. तो मेला अन् तीन दिवस खाली होता. मेलेल्यायमध्ये उतरला होता. असं आम्ही मानतो."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

"कायले उतरला होता?"

त्याच्या डोळ्यात पाणी आलं, बाई. म्हणे, "हे मले कोणी इचारलं नव्हतं."

तं मले आता इतकं समजलं, का तुझ्या देवाले बुडी येते. बाकी मी अडाणी हाव. पन झाडू साधा मानूस, एका हातानं लुळा, त्याच्यानं वैऱ्याले तळ्यात सोडून जेवणं झालं नाई. तुझा देव झाडूपेक्षा लहान हाये काय? मुखरू आत असताना तो जेवाले बसन काय?

तुह्या त्या डब्यातली मासोळी झाडूनं धरली होती. तळं परत चालू झालं त्यावेळची पयली. स्वतः आणून देली मले. म्हणे, "काकू, नातीले पाठवजा." म्हणून मी सारखी डबा उघड, डबा उघड करत होती. झाडू जेवते, पोरी. ज्याचा हात मोडला तो जेवते. मंग तुले कायचा उपास?

तू नाई जेवली तं मीही चूल पेटवत नाई. ही धमकी समज. जावयाच्या हातची खबर येईपर्यंत माहं गंज पालथं हाये.

आजी


चंद्रपूर
२८ ऑक्टोबर २०२४

आजी,

जावई तीन तास समोर बसून होते. मी चिठ्ठी वाचली. मग परत वाचली. मग रंजीता मॅडमकडे तवा मागितला. सगळा मजला खोकत बाहेर पळाला. चार घास भात आणि त्यावर सुकसी. दोन घास उलटून पडले, दोन राहिले. आज सहा राहिले. जावयांकडून तुला कळलंच असेल, आता चूल विझू देऊ नकोस.

पास्टरसाहेबांचं म्हणणं बदललेलं नाही. पण परवा आले तेव्हा वचन उघडलं नाही. झाडूकाकांचा हात कुठून मोडलाय, तिरपा जुळलाय का, एवढंच विचारत बसले. जाताना बोटभर सुकसी खाल्ली आणि पाणी मागितलं.

मला अजून रडू येतं. अजून ते दिसतात. पण आता आगीच्या काठावर मी एकटी उभी नसते.

मॅडम म्हणतात, या आठवड्यात सुट्टी देते. भाऊबीजेला मंडईच्या जत्रेला येते. बस थांब्यावरून सरळ पाळीवर जाऊ, आपण दोघी. माझा हात धर.

झाडूकाकांना एक विचारशील? खाली, पाण्यात, काय दिसतं?

करिश्मा


पिपरटोला
३१ ऑक्टोबर २०२४

करिश्मा बाईले आशीर्वाद.

चूल जावई आला त्याच दिवशी पेटली. दिवाळीचे दिवे सोडून तुह्या चिठ्ठीच्या उजेडात जेवली मी. सोनीबाई म्हणे, म्हातारी येडी झाली, एकटीच हासते. मी म्हणलं, तुले दिसत नाई, तुले काय कळते.

पोस्टात टाकली तं ही चिठ्ठी तू येऊन गेल्यावर पोचन, म्हणून जावयापाशीच देते. नर्स बकरी मोठी झाली, तुह्या साडीचा पदर खाईन, पंजाबीच घालून ये.

झाडूले इचारलं. तो जाळं शिवत होता, दात अन् एका हातानं. म्हणे, "काईच दिसत नाई, काकू. खाली सारा गढूळ काळोख. डोळे मिटूनच जावं लागते. नुसतं चाचपडत रायते मानूस."

मी म्हणलं, "मंग वयखतं कसा, का हा मुखरूच हाये म्हणून?"

तं म्हणे, "खाली कोण वयखते? हात हाताले लागला का धरायचा. आधी वर आणायचं. नाव मंग."